जमिनीबरोबर फिरलेला शब्द

मराठीत आलेल्या बहुतेक इंग्रजी शब्दांनी येताना एकच अर्थ बरोबर आणला आणि तो निमूटपणे सांभाळला. थर्मामीटर हा थर्मामीटरच राहिला, पोस्टमनचे दुसरे काही झाले नाही. थोडे शब्द मात्र एका दाराने आत आले नाहीत. ते कोर्टाच्या, सभेच्या, बाजाराच्या आणि जेवणाच्या अशा निरनिराळ्या दारांनी, निरनिराळ्या काळी आणि निरनिराळ्या थरांतील माणसांच्या तोंडून आले, आणि आज एकाच उच्चाराने वावरत असले तरी त्यांच्या अर्थांची आपसात ओळख असेलच असे नाही. 'पार्टी' हा त्यांतील ठळक शब्द होय. रायगडच्या किनारपट्टीवर, म्हणजे उरणपासून अलिबाग, मुरूड आणि श्रीवर्धनपर्यंतच्या पट्ट्यात, हा शब्द राजकीय पक्षासाठी, गावातल्या गटासाठी, दाव्यातील किंवा दस्तातील बाजूसाठी, हळदीला वाजवणाऱ्या वादकांच्या ताफ्यासाठी, रात्रीच्या सामिष जेवणासाठी आणि सर्वांत अधिक जोमाने जमीन विकत घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकासाठी वापरला जातो. हे अर्थ एकमेकांशेजारी निव्वळ योगायोगाने येऊन बसलेले नाहीत. गेल्या सुमारे 90 वर्षांत या किनाऱ्यावरील जमिनीचे जे होत गेले, त्याच्या मागोमाग या शब्दाचा भार एका अर्थावरून दुसऱ्या अर्थावर सरकत गेला, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

इंग्रजीतही या शब्दाचा प्रवास सरळ नाही. 'भाग करणे, वाटणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून फ्रेंचमध्ये 'भाग, बाजू' या अर्थाचे नाम तयार झाले आणि ते मध्ययुगात इंग्रजीत उतरले. पार्ट, पार्टनर, पार्टिशन ही त्याच कुळातील भावंडे. दाव्यातील एक बाजू आणि एका विचाराने चालणारा गट हे अर्थ जुने. एखाद्या कामगिरीवर पाठवलेली तुकडी हा अर्थ त्यानंतरचा. आणि लोकांनी खाण्यापिण्यासाठी, करमणुकीसाठी एकत्र जमणे हा आज सर्वांत परिचित असलेला अर्थ अठराव्या शतकात रुळलेला, म्हणजे तुलनेने अलीकडचा आहे. कायद्याच्या कागदांत 'पार्टी' म्हणजे प्रत्यक्षात बहुधा एकच मनुष्य असतो. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील बोलीभाषेत कोणत्याही इसमाला थट्टेने 'पार्टी' म्हणण्याची लकब निघाली आणि पुढे टेलिफोनच्या ऑपरेटरांनी दुसऱ्या टोकाला बोलणाऱ्याला हाच शब्द लावला. वाटणीपासून निघालेला शब्द अखेर एकत्र येण्याचा वाचक झाला, हे वरवर उलटे वाटते, परंतु त्यात विसंगती नाही. ज्यांनी एकत्र यायचे ते आधी इतरांपासून वेगळे निघालेले असतात.

मराठीपाशी या शब्दाच्या तोडीचा शब्द नव्हता असे नाही. 'पक्ष' हा संस्कृतातून आलेला शब्द तितकाच बहुअर्थी आहे. मूळ अर्थ पंख, त्यावरून बाजू. त्यावरून महिन्याचे शुद्ध आणि वद्य असे दोन पक्ष, भाद्रपदातला पितृपक्ष, लग्नातील वधूपक्ष आणि वरपक्ष, शास्त्रार्थातील पूर्वपक्ष, म्हणजे खंडन करण्यापूर्वी प्रामाणिकपणे मांडायचे प्रतिपक्षाचे म्हणणे, आणि अखेर राजकीय पक्ष. दोन्ही शब्दांच्या मुळाशी 'बाजू' आहे, पण बाजूची कल्पना वेगळी आहे. पक्षाला दुसरा पक्ष लागतो आणि दोन मिळून एक पूर्ण वस्तू होते, मग ती पक्षी असो, महिना असो की लग्न असो. उलट 'पार्टी'च्या मुळाशी तोडणे आहे; तिथे दुसऱ्या भागाशी असलेले नाते गृहीत नसते, ते ठरवावे लागते, लिहावे लागते आणि बहुधा त्यावर मुद्रांकशुल्क भरावे लागते. म्हणूनच 'पक्ष' हा शब्द हाताशी असूनही काही व्यवहारांना 'पार्टी' हवीशी वाटली असावी.

हा शब्द या भागात प्रथम रुजला तो कोर्टकचेरीच्या वाटेने, असे मानायला जागा आहे. दिवाणी दाव्यात वादी आणि प्रतिवादी हे मराठी शब्द पूर्वीपासून होते, पक्षकारही होता. पण वकील आणि कारकून यांच्या बोलण्यात 'पार्टी' शिरली आणि 'पार्टी हजर आहे का' हा प्रश्न निरक्षर कुळालाही समजू लागला. कायद्यातील पार्टी या संकल्पनेत एक वैशिष्ट्य आहे: एका माणसाला हजारोंच्या वतीने पार्टी करता येते. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत अशा प्रातिनिधिक दाव्याची तरतूद आहे, आणि तिचे सर्वांत गाजलेले उदाहरण याच जिल्ह्यातले आहे. महाडच्या चवदार तळ्यावर मार्च 1927 मध्ये सत्याग्रह झाल्यानंतर त्याच वर्षाच्या डिसेंबरात तेथील काही सवर्ण रहिवाशांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दावा लावला, आणि त्यात प्रतिवादींना अस्पृश्य समाजाचे प्रतिनिधी म्हणून उभे केले. तळ्यावर ज्यांना समाज म्हणून मान्यता द्यायची नव्हती, त्यांनाच कागदावर एक बाजू म्हणून मान्यता देणे वादींना भाग पडले. दावा लावायचा तर समोर कोणीतरी पार्टी असावी लागते. तो वाद पायऱ्या चढत मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि मार्च 1937 मध्ये तेथे वादींचे अपील फेटाळले गेले. ज्यांना गावाच्या व्यवहारात बाजूच नव्हती, त्यांना प्रतिपक्षाच्याच अर्जाने बाजू मिळाली, ही या शब्दाची या जिल्ह्यातील पहिली मोठी कामगिरी म्हणावी लागेल.

शेतीत याच सुमारास तसेच काही घडत होते, पण तिथे कोर्टापेक्षा संपाचे हत्यार निघाले. तत्कालीन कुलाबा जिल्ह्यात, ज्याचे नाव 1981 मध्ये रायगड झाले, किनाऱ्यालगतच्या भातशेतीचा मोठा भाग खोतीखाली होता. खोत म्हणजे सरकार आणि कसणारा यांच्या मधला सारावसुलीचा वंशपरंपरागत हक्कदार. कसणारा त्याचे कूळ. ('कूळ' हाही एक विलक्षण शब्द आहे, घराण्यालाही तोच, दुसऱ्याच्या जमिनीवर राबणाऱ्यालाही तोच.) कूळ आणि खोत यांच्यात करार असे, पण कराराला लागतात तशा दोन बाजू नव्हत्या, अटी एकाने सांगायच्या आणि दुसऱ्याने अंगठा उठवायचा. अलिबाग तालुक्यातील चरी आणि आसपासच्या गावांतील कुळांनी 1933 मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांची जमीन कसायचीच नाही असे ठरवले आणि तो संप सुमारे 6 वर्षे, 1939 पर्यंत टिकला. इतकी वर्षे आपल्या हाताने पिकणारी खाचरे ओसाड ठेवायची आणि लाकूडफाटा विकून, मोलमजुरी करून पोट भरायचे, यासाठी लागणारी चिकाटी आजच्या आंदोलनांच्या मापाने मोजता येणार नाही. याच काळात, 1936 मध्ये, आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला, 1937 मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि चरीच्या संपाला पाठिंबा दिला. पाटील यांनी 1937 मध्येच 'कृषीवल' हे पत्र काढले. 1939 च्या कूळ कायद्यात 'संरक्षित कूळ' ही संज्ञा आली. संरक्षित कूळ म्हणजे ज्याला खोताच्या मर्जीने हुसकता येत नाही असा कसणारा; दुसऱ्या शब्दांत, जो आता करारातील खरीखुरी दुसरी बाजू झाला तो.

बाजू झालेल्या माणसांना पुढे पक्ष लागतो. काँग्रेसमधून वेगळे झालेल्या केशवराव जेधे, शंकरराव मोरे आदी नेत्यांनी 1947-48 च्या सुमारास शेतकरी कामगार पक्ष उभा केला, आणि राज्यात इतरत्र तो ओसरत गेला तरी अलिबाग, पेण, उरण, पनवेल या पट्ट्यात त्याने कित्येक दशके मूळ धरले. या भागातील जुन्या माणसांच्या बोलण्यात त्याला 'लाल बावटा' म्हणतात, छापील मराठीत 'शेकाप'. या संक्षेपातला शेवटचा 'प' पक्षाचा आहे. वर्तमानपत्रांत 'भाजप' आणि 'भाजपा' अशी दोन रूपे शेजारी नांदतात, तीही याच कारणाने. पहिल्यातला 'प' पक्षाचा, दुसऱ्यातला 'पा' पार्टीचा, आणि कोणते रूप वापरायचे यावरून लिहिणारा मराठी संपादक आहे की पक्षाचा कार्यकर्ता, याचा अंदाज पुष्कळदा बांधता येतो. परंतु बोलताना हा भेद पाळला जात नाही. सभेतला वक्ता 'आमचा पक्ष' म्हणतो आणि व्यासपीठावरून उतरल्यावर तोच 'आपली पार्टी' म्हणतो. पक्ष हा तत्त्वांचा असतो, जाहीरनाम्याचा असतो, त्याला अध्यक्ष असतो. पार्टी आपल्या माणसांची असते. गावातल्या भांडणात तर पक्ष हा शब्द येतच नाही. 'गावात दोन पार्ट्या आहेत' या वाक्याने जे सांगितले जाते, ते पाण्याच्या टाकीवरून, देवळाच्या मानावरून किंवा दोन चुलतभावांच्या बांधावरून पडलेली फूट असते, आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तिला कोणत्याही पक्षाचे नाव चिकटू शकते. वाटणीचा मूळ अर्थ इथे अगदी उघडा राहिला आहे.

यानंतर कथानकाला जे वळण मिळते, ते या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. 1948 च्या कूळ कायद्याने आणि त्याच्या पुढच्या दुरुस्तीने 1 एप्रिल 1957 हा 'कृषक दिन' ठरवला. त्या दिवशी जमीन कसणारे कूळ तिचा मालक झाले असे कायद्याने मानले. खोती त्याआधी 1949 च्या कायद्याने गेली होती. चरीच्या संपाची मागणी एका अर्थाने पुरी झाली. कुळाला विधिपूर्वक किंमत भरून मिळालेल्या प्रमाणपत्राला कलमाच्या आकड्यावरून '32 म' म्हणतात आणि हा आकडा आजही इथल्या वृद्ध शेतकऱ्याला तोंडपाठ असतो. पण मालकीबरोबर विकण्याचा हक्क येतो, हे त्या संपातील कोणाच्या मनात असण्याचे कारण नव्हते. कायद्याला ते दिसत होते. म्हणून अशी जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विकता येणार नाही असे कलम 43 मध्ये लिहिले होते. 2014 च्या दुरुस्तीने ही अट सैल झाली: खरेदीला 10 वर्षे होऊन गेली असतील, तर आकाराच्या 40 पट नजराणा भरून अशी जमीन विकता येते. आकार म्हणजे जुन्या सर्वेक्षणात ठरलेला शेतसारा, आणि तो इतका अल्प असतो की त्याची 40 पट रक्कमही आजच्या एका गुंठ्याच्या भावापुढे नगण्य ठरते.

अशा रीतीने ज्या माणसाच्या आजोबांना करारातली बाजू होण्यासाठी 6 वर्षे उपाशी राहावे लागले, तो माणूस दस्तात 'लिहून देणार' झाला. मराठी खरेदीखतात विकणाऱ्याला 'लिहून देणार' आणि विकत घेणाऱ्याला 'लिहून घेणार' म्हणतात. हे शब्द जुने आहेत, नेमके आहेत आणि एकमेकांना धरून आहेत. तोंडी व्यवहारात मात्र लिहून घेणाराला हे नाव नाही. तो 'पार्टी'. 'पार्टी आहे', 'मुंबईची पार्टी आहे', 'पार्टी पक्की आहे', 'पार्टीने टोकन दिले', 'पार्टी फिरली': किहीम, नागाव, रेवदंडा, काशीद या गावांतील जमिनीचे बोलणे या वाक्यांवर चालते. विकणाऱ्याला कोणी सहसा पार्टी म्हणत नाही. कायद्याने दोघेही पार्ट्या, बोलीत एकटा घेणारा. ज्याच्याकडे पैसा आहे, तीच बाजू. इंग्रजीतल्या कायदेशीर अर्थातून थट्टेचा 'इसम' निघाला होता. इथे त्याच अर्थातून गिऱ्हाईक निघाले, आणि त्यात थट्टा नाही, आदरही नाही, फक्त अंदाज आहे.

या उपयोगाचे व्याकरणही पाहण्यासारखे आहे. शेवटी 'ई' असलेले परके नाम मराठीत पुष्कळदा स्त्रीलिंगी होते, त्याप्रमाणे पार्टीही स्त्रीलिंगी झाली. त्यामुळे घेणारा पुरुष असला, नवरा-बायको असली, चार भागीदार असले किंवा कंपनी असली तरी 'पार्टी आली', 'तिला जागा आवडली' असेच म्हटले जाते. एकवचन-अनेकवचन, स्त्री-पुरुष, व्यक्ती-संस्था हे सारे भेद एका शब्दात पुसले जातात. मराठी बोलण्यात हे दुर्मीळ आहे, कारण मराठीत माणसाबद्दल बोलायचे तर क्रियापदाला त्याचे लिंग कळावे लागते आणि आदरार्थी बोलायचे की एकेरी हे ठरवण्यासाठी त्याची पायरीही कळावी लागते. पार्टीमुळे दोन्हींची गरज उरत नाही. दलालाला तर हेच हवे असते. पार्टीचे नाव कळले तर जमीनमालक तिच्याशी परस्पर बोलेल आणि दलाली बुडेल; शेजाऱ्याला कळले तर तो भाव वाढवेल; गावाला कळले तर सामाईक हिश्शाचा एखादा विसरलेला चुलता हक्क सांगायला उभा राहील. पार्टी हा शब्द नाव लपवतो, आणि लपवणे हाच त्याचा या व्यवहारातील उपयोग आहे.

लग्नाच्या बोलणीतील 'स्थळ' या शब्दाशी याची तुलना केली तर फरक उठून दिसतो. स्थळ म्हणजेही एक अनोळखी मनुष्यच, आणि तेथेही मध्यस्थ असतो. पण 'पेणचे स्थळ आहे' म्हणताच गाव, घर, नातेगोते यांची चौकशी सुरू होते, कारण त्या माणसाला त्याच्या ठिकाणावरूनच नाव मिळालेले असते. जमिनीच्या पार्टीचे ठिकाण जवळजवळ नेहमी 'मुंबई' एवढेच सांगितले जाते, मग ती पुण्याची असो की दुबईची. जो या ठिकाणी कायमचे ठिकाण घ्यायला आला आहे, त्याला स्वतःचे ठिकाण नसावे, आणि ते कोणी विचारूही नये, यात भाषेने व्यवहाराची दिशा ओळखलेली दिसते.

एक प्रश्न मात्र विचारावाच लागतो: 'पार्टीकडे शेतकरी दाखला आहे का?' कूळ कायद्याच्या कलम 63 नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला शेतजमीन विकत घेण्यास मनाई आहे, काही अपवाद आणि परवानग्या सोडल्यास. कसणाऱ्याच्या हाती जमीन राहावी म्हणून केलेल्या या तरतुदीचा व्यवहारातील परिणाम असा, की समुद्रदर्शनासाठी गुंठे शोधणाऱ्या माणसाला आधी शेतकरी असल्याचे सिद्ध करावे लागते. ज्याच्या वडिलोपार्जित सातबाऱ्यावर कुठेतरी नाव आहे तो सहज सुटतो, ज्याचे नाही तो आधी दुसऱ्या वाटा धुंडाळतो. शेतकरी आणि पार्टी हे दोन शब्द आज एका अटीत आले आहेत. भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो बोट 2020 मध्ये आणि शिवडी ते न्हावा-शेवा हा सागरी सेतू जानेवारी 2024 मध्ये सुरू झाल्यावर मुंबईकराला हा किनारा आणखी जवळ आला, आणि कागदपत्रे घेऊन येणाऱ्या पार्टीला आता रात्रीच्या मुक्कामाचीही गरज उरलेली नाही.

उरणच्या बाजूला मात्र वेगळीच गोष्ट घडली आणि ती या प्रतिपादनाला मर्यादा घालते. तिथे घेणारी पार्टी सरकार होते. भूसंपादनात विकणाऱ्याच्या संमतीचा प्रश्न नसतो. तो 'हितसंबंधी व्यक्ती' असतो, म्हणजे ज्याला भरपाईबद्दल म्हणणे मांडता येते पण नाही म्हणता येत नाही असा. नव्या मुंबईच्या आणि न्हावा-शेवा बंदराच्या परिसरातील शेतकऱ्यांनी जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला, त्यात गोळीबार होऊन 5 आंदोलक मृत्युमुखी पडले, आणि त्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. पुढे, सप्टेंबर 2008 मध्ये, पेण तालुक्यातील 22 गावांत विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यायची की नाही यावर शेतकऱ्यांचे जनमत घेतले गेले. या दोन्ही ठिकाणी शेतकऱ्यांना पुन्हा बाजू व्हायचे होते. साडेबारा टक्के ही मागणी तर अक्षरशः भागाची, वाट्याची मागणी होती, आणि 'साडेबारा' हे अपूर्णांक असलेले विशेषण तिथे नाम होऊन बसले. लॅटिन मुळाशी इतका इमानी अर्थ पार्टी या शब्दाला तिथे मिळाला नाही, तो आकड्याला मिळाला.

जेवणाच्या अर्थाबद्दल फार लिहावे असे नाही, परंतु तो वगळता येत नाही. थंडीत भाताची कापणी झाल्यावर त्याच शेतात ओलाव्यावर वाल पेरतात, आणि त्याच्या शेंगा भरल्या की पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेले चिकन रचायचे, तोंड पुन्हा पाल्यानेच गच्च बंद करायचे, मडके उपडे ठेवून भोवती जाळ करायचा. पाणी नाही, तेल नाही. हे 'पोपटी लावणे' होते, तोवर त्यात यजमान नव्हता; ज्याचे शेत त्याच्या शेंगा, ज्याच्या कोंबड्या त्याची अंडी. 'पोपटी पार्टी' झाली तेव्हा तिला देणारा मिळाला, कारण पार्टी 'देतात', 'मागतात' आणि 'ठेवतात', ही तिची क्रियापदे आहेत. आता तर पर्यटकांना पैसे घेऊन पोपटी पार्टी दिली जाते, आणि शेंगा कोणाच्या शेतातल्या हे विचारण्याचे कारण उरत नाही. आगरी-कोळ्यांच्या हळदीतल्या 'बेंजो पार्टी'ने मात्र जुना अर्थ राखला आहे: एका कामगिरीवर निघालेली तुकडी. इंग्लंडात विसाव्या शतकाच्या आरंभी गावोगाव करमणूक करत फिरणाऱ्या मंडळींना 'कॉन्सर्ट पार्टी' म्हणत. ती नाहीशी झाली, हळदीतली पार्टी वाजते आहे. सौदा पक्का झाल्यावर दलाल जमीनमालकाला पार्टी देतो आणि निवडणुकीत पार्टीची पार्टी असते, तेव्हा अर्थांची सरमिसळ पुरी होते. ऐकणाराला कधीही घोटाळा पडत नाही, कारण कोण पैसे देणार हे त्याला ठाऊक असते.

या सगळ्यावर भाषाशुद्धीच्या बाजूने एक आक्षेप संभवतो: पक्ष, गट, पक्षकार, ताफा, मेजवानी, गिऱ्हाईक असे नेमके शब्द असताना एका मोघम परक्या शब्दाने सहांची जागा खावी हा भाषेचा दुबळेपणा नव्हे काय? आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या किल्ल्यावरून जिल्ह्याला नाव मिळाले, त्याच्याशीच मराठीतील पहिल्या शुद्धीकरणाचा संबंध आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंतांनी 'राज्यव्यवहारकोश' रचला तो कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठी. त्या कोशाचे यश मर्यादित राहिले आणि त्या मर्यादेचे कारण इथे उपयोगी पडते. एका खात्याचे किंवा हुद्द्याचे नाव हुकमाने बदलता येते, कारण त्याचा अर्थ हुकमानेच ठरलेला असतो. पण ज्या शब्दाचे काम अर्थ नेमका करणे नसून मोघम ठेवणे आहे, त्याला नेमका प्रतिशब्द दिला की तो निरुपयोगी होतो. दलालाला 'गिऱ्हाईक' म्हणायला लावले तर तो म्हणेलही, पण मग तो विकणारा ठरेल आणि जमीन त्याची नाही हे उघडे पडेल. शिवाय वर दिलेल्या सहा शब्दांपैकी मेजवानी फारसीतून आलेली, ताफा अरबी-फारसीच्या वाटेचा. नेमकेपणा आणि स्वकीयत्व या दोन वेगळ्या मागण्या आहेत आणि शुद्धीवादी त्या बहुधा एकत्र करतो. आक्षेपातला ग्राह्य भाग एवढाच की मोघमपणाचा लाभ दोन्ही बाजूंना सारखा मिळत नाही. पार्टी हा शब्द घेणाराला झाकतो, देणाराला नाही. त्याचा सातबारा तलाठ्याकडे आणि आता संगणकावर कोणालाही पाहता येतो.

जिथे प्रतिशब्द अधिकृतपणे बसवला गेला, तिथे काय झाले हेही पाहावे. मोटार वाहन कायद्यानुसार प्रत्येक वाहनाला 'थर्ड पार्टी' विमा सक्तीचा आहे. वाहनमालक ही पहिली बाजू, विमा कंपनी ही दुसरी, आणि त्यांच्या करारात कुठेही नसलेला, पण वाहनाची धडक ज्याला बसू शकते असा रस्त्यावरचा मनुष्य ही तिसरी. मराठी कागदांत याला 'त्रयस्थ पक्ष' म्हणतात. परंतु मराठीत त्रयस्थ म्हणजे अलिप्त, ज्याचे काही बिघडत नाही आणि म्हणून ज्याच्याकडे निवाडा सोपवावा असा. मुंबई-गोवा महामार्गावर वडखळजवळ सायकलवरून जाताना ट्रकखाली आलेला माणूस काही त्रयस्थ नव्हे. बोलीने 'थर्ड पार्टी' हाच शब्द ठेवला, आणि या ठिकाणी बोलीचे बरोबर आहे.

जमिनीच्या व्यवहारात अशी तिसरी पार्टी नेहमी असते, फक्त तिच्यासाठी विम्याची तरतूद नसते. या जिल्ह्यातील कातकऱ्यांच्या अनेक वाड्या दुसऱ्यांच्या खासगी जमिनीवर वसलेल्या आहेत. सातबाऱ्यावर झोपडीची नोंद नाही, वहिवाट तोंडी, आणि मालक बदलला की नव्या मालकाला ती 'जागा मोकळी करून हवी' असते. कोळ्यांची मासळी सुकवण्याची वाळवणे आणि होड्या ओढून ठेवण्याच्या जागा पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराच्या, पण पुष्कळदा कोणाच्या नावाच्या नाहीत. शेजारच्या वाडीला कुंपण पडले की किनाऱ्यावर उतरायची पायवाट बंद होते. खरेदीखताच्या मसुद्यात 'सदर मिळकतीवर कोणाही त्रयस्थाचा हक्क, हितसंबंध अगर बोजा नाही' अशा आशयाचे वाक्य ठराविकपणे असते, लिहून देणार ते लिहून देतो, लिहून घेणार ते लिहून घेतो, आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दोघांचे फोटो आणि अंगठे घेतले जातात. झोपडीतल्या माणसाचा फोटो घेण्याची तिथे सोय नाही, कारण तो पार्टी नाही.